भाचीनं ऑपेरा शिकावा की ख्याल?

मोसंबीबाग, जालना
भाची १९ वर्षांची आहे. लहानपणापासून चर्चच्या गायनमंडळात गाते. आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यात उंच पट्टीचा. दोन वर्षं देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबईला शिकायला जाते. आता बाई म्हणतात, परदेशातल्या संगीत महाविद्यालयांच्या ऑडिशन दे. घरात दोन तट पडलेत. मला वाटतं, जाऊ द्यावं.

गेल्या नाताळच्या तालमीत लाइट गेली. कीबोर्ड बंद, माइक बंद, सगळे थांबले. हिनं मात्र धरलेली ओळ सोडली नाही. मी अंधारात शेवटच्या बाकावर होते, शब्द न् शब्द ऐकू आला. ऑपेरात, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकात, असंच गातात, अख्ख्या वाद्यवृंदासमोर, माइकशिवाय. हा आवाज घरात कोंडायचा का?

गोदाकाठ, नांदेड
ताई, राग मानू नका, पण मला नाही पटलं. मराठवाड्यात ऑपेरा ऐकायला कोण येतंय? मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ला पुन्हा उघडलं, तिथंही रोज ऑपेरा नसतो. एवढा गोड गळा आहे तर लेकराला ख्याल, आपलं शास्त्रीय गाणं, शिकवा. अण्णासाहेब गुंजकरांकडं शिकून शास्त्रीय गायक नाथराव नेरळकरांनी इथंच राहून पिढ्या घडवल्या. आपल्या मातीत ऐकणारे कान आहेत. तिकडं ही परकीच राहणार.

काळीपाच, परभणी
मी ख्याल शिकवते, म्हणून लिहिते. गोदाकाठ, गळा म्हणजे काही पेटी नाही, आज हे वाजवलं, उद्या ते. ख्यालात 'सा', म्हणजे आधाराचा स्वर, आपला असतो. कुणी पेटीच्या काळी चारमध्ये गाते, कुणी काळी पाचमध्ये, गळ्याला मानवेल तसं. ऑपेरात 'सा' गाणारीच्या हातात नाही. मोझार्टच्या 'द मॅजिक फ्लूट'मध्ये (१७९१) 'रात्रीची राणी' या पात्राला पेटीच्या मधल्या पांढरी एकपासून दोन सप्तकं चढून वर आणखी मध्यम ('म') लावावा लागतो. आज घसा बसलाय, पट्टी उतरवा, असं तिथं चालत नाही. आवाजातलं जे कंपन आम्ही विद्यार्थिनींच्या गळ्यातून काढून टाकतो, तेच तिथं घडवतात. दोन वर्षं त्या वाटेनं तयार झालेला गळा आता मोडू नका.

पण पैशाचं आधी बघा. या आवाजाला पिकायला तिशी उजाडते. तोवर इटालियन, जर्मन, फ्रेंच, सगळ्यांचे उच्चार. १० वर्षं पोसणार कोण?

गोदाकाठ, नांदेड
गळ्याचं मान्य, मला हे माहीत नव्हतं. पण पैशाचं मी तेच म्हणायलोय. उद्या बाग विकायची वेळ आली तर? मोसंबीचं झाड काय वर्षात उभं राहतं का?

बार्शीनाका, बीड
बाग, बाग! पोराला नीटसाठी लातूरला ठेवायचं म्हणून शेत गहाण टाकलेले बाप आमच्या गल्लीत आहेत. तेव्हा कुणी विचारलं नाही, नंबर नाही लागला तर काय. पोरगी गायला निघाली की सगळ्यांना हिशेब आठवतो. माझ्या बहिणीचं गाणं असंच हिशेबात संपलं. आता ती लग्नातसुद्धा गात नाही.

मोसंबीबाग, जालना
बार्शीनाका, वाचून गलबलून आलं.

गोदाकाठ, बाग विकायची नाही हे भाचीनंच सांगितलंय. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणार. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकल्या, इंग्लिश संगीतकार जॉन टॅव्हनरनं त्यांच्या आवाजासाठी रचना लिहिल्या. २००९पासून त्या भारतातल्या मुलामुलींना शिकवायला इकडं येऊ लागल्या. वाट अगदीच बिनपायवाटेची नाही.

काळीपाच, तुमचं तिशीचं म्हणणं भावाला वाचून दाखवलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, झाडालासुद्धा पहिला बहार येईपर्यंत आपण थांबतोच की. अजून हो म्हणालेला नाही.

संभाजीनगरात इटालियन शिकवणारं कुणी माहीत असेल तर सांगा. उच्चारांवर ती फार अडायलीय.