'संदर्भ' ही पळवाट आहे का?

खवट: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, "कुराणातलं अडचणीचं काही निघालं की संदर्भ बघा म्हणायचं, ही नवशिक्यांची पळवाट." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. ही कालची टूम आहे का? कुराणातली कुठली आयत, म्हणजे वचन, कुठल्या प्रसंगी उतरली यावर भाष्यकार वाहिदीने अकराव्या शतकातच ग्रंथ लिहिला. दुष्काळात खलिफा उमर यांनी चोराचे हात तोडणं थांबवलं, असं परंपराच सांगते. पाकिस्तानी विचारवंत फजलुर रहमान एवढंच म्हणाले, त्या काळात जा, हेतू शोधा, तो घेऊन आजच्यात परत या. १९६८ मध्ये त्यांना पाकिस्तान सोडावं लागलं. भारीच सोयीची पळवाट!

मुद्देसूद: देश सुटला म्हणून माणूस बरोबर ठरत नाही. वाहिदी प्रसंग नोंदवतो, हुकूम पुसत नाही. आणि हेतू ठरवणार कोण, तुम्ही? ४:३४ चं, बायकोला 'मारा' म्हणणाऱ्या आयतीचं, काय करता बघू.

अनामिका: तिचं नाव काढलंत म्हणून सांगते. अम्मीकडे युसुफ अलींचं इंग्रजी भाषांतर होतं. 'मारा'पुढे कंसात 'हलकेच'. अम्मीने त्या कंसाभोवती पेन्सिलीने गोल काढून समासात लिहिलं होतं, 'हे कुणी घातलं?' मुळात तो शब्दच नाही. शब्दाला शब्द म्हणणारेही भर घालतातच की.

मुद्देसूद: भाषांतरावरून भांडू नका. अरबी येतं?

अनामिका: आठ वर्षं पाठ केलं. अर्थ विचारला की छडी. आता तुम्हीही तेच विचारा.

भाषाभोळा: अरबीचंच निघालंय तर, 'मारा'साठी तिथे जो 'दरबा' धातू आहे, तो कुराणात दाखला देणं, प्रवासाला निघणं अशा अर्थानेही येतं.

मुद्देसूद: येतं, पण सोबत 'मसल' (दाखला) नाहीतर 'फिल अर्द' (जमिनीवर) असतं. इथे कर्म माणूस आहे. व्याकरण तुमच्या सोयीने वाकत नाही हो!

भाषाभोळा: बरं बाबा, व्याकरणात हरलो. कुराणाच्या स्त्रीवादी अभ्यासक अमीना वदूद यांनीही शेवटी ती कसरत सोडली आणि या आयतीला सरळ 'नाही' म्हटलं.

मुद्देसूद: चूक आहे, पण निदान प्रामाणिक.

खवट: धागा माझा, शिकवणी अरबीची! एकच सांगा, गुलामांविषयीचे हुकूम आज पाळता?

मुद्देसूद: ती परिस्थितीच उरली नाही.

खवट: मग मी वर काय वेगळं लिहिलंय?

मुद्देसूद: पकडलंत, शाबास. गुलामीपुरतं मान्य. व्याजावर याल तेव्हा बघतो.