डॉमिनोसाठी लाकडी स्टँड आणि मधलं स्टेशन पुण्यात करून घ्यायचंय. लाकूड आणि मापं सुचवा

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसजवळ राहतो. महिन्यातून एका शनिवारी चार-पाच मराठी घरं जमतात आणि जेवणं उरकली की 'मेक्सिकन ट्रेन' हा डॉमिनोचा खेळ मांडला जातो: मधल्या स्टेशनात एक डबल (दोन्ही अर्ध्यांवर सारखे ठिपके असलेला ठोकळा) ठेवायचा, तेच इंजिन, आणि त्याला जुळवत प्रत्येकाने आपल्या ठोकळ्यांची रांग, म्हणजे 'गाडी', लावत जायची. (टेक्सासचा अधिकृत डॉमिनो खेळ '४२', पण तो चौघांचा. आमच्याकडे आठ जण टेबलाला चिकटलेले असतात.) संच डबल-ट्वेल्व्हचा (शून्य ते बारा ठिपक्यांचा), ९१ ठोकळ्यांचा. आठ जणांत प्रत्येकी दहा वाटतो, चौघंच असले तर पंधरा. चाल नसली की ढिगातून उचलायचा, म्हणून हातातले वाढतच जातात.

ठोकळे टेबलावर उभे करून खेळतो. कुणाचं कोपर लागलं की अख्खी रांग आडवी आणि सगळ्यांना सगळं दिसतं. सासूबाईंची बोटं संधिवाताने आखडतात, त्यांना तर आधार हवाच. संचाबरोबर आलेलं प्लॅस्टिकचं स्टेशन इतकं हलकं, की जरा धक्का लागला तर आठही गाड्या रुळावरून घसरतात.

डिसेंबरात पुण्याला येतोय, तेव्हा सुताराकडून आठ स्टँड आणि एक जड स्टेशन करून घ्यायचा विचार आहे. ठोकळा ४८ × २४ मिमी, जाडी १० मिमी. स्टँड दोन पायऱ्यांचा: एका खोबणीत आठ ठोकळे, म्हणजे लांबी साधारण ८ इंच. मागची पायरी किती उंच ठेवू?

स्टेशनला नऊ खाचा लागतील, आठ खेळाडूंच्या आणि एक सगळ्यांच्या गाडीची. २६ मिमीची खाच आणि मध्ये १० मिमी जागा धरली, तर खाचांच्या आतल्या टोकांचा व्यास १०३ मिमी येतो. बाहेरून साडेपाच इंचांची चकती पुरेल ना? आडवा डबल शेजारच्या गाडीला लागायला नको.

नवरा म्हणतो शिसव, मला सागवान बरं वाटतं. इथे हिवाळ्यात हीटरने हवा फार कोरडी होते, लाकूड तडकेल का?

रंधाबहाद्दर: ताई, पहिलं म्हणजे सुताराला मिमी सांगू नका, सूत (इंचाचा आठवा भाग) सांगा. खोबण ४ सूत रुंद, ३ सूत खोल आणि मागे कललेली. सरळ कापली तर ठोकळे पुढे तोंडावर पडतात. मागची पायरी सव्वा इंच पुरे, आपण वरून तिरकं बघतो. आधी पुठ्ठ्याचा एक करून टेबलावर ठेवून बघा.

लाकूड फुगतं-आकसतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. लाकडातल्या रेषा लांबीला धरल्या तर स्टँडला भीती नाही. चकती मात्र एकाच फळीची केली तर लंबगोल होऊ शकते. ती चांगल्या प्लायची करा, वर सागाचा पातळ पापुद्रा (व्हिनियर) लावा. लाकूड पाडलेल्या वाड्यांच्या तुळयांचं जुनं सागवान घ्या, ते मुरलेलं असतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात चौकशी करा.

पत्तेपिसे: व्यास पुरेल. इंजिनलाच जुळवायचं असल्यामुळे डबल पहिला येऊच शकत नाही, दुसऱ्या जागेपर्यंत गाड्या फाकलेल्या असतात. तिथे दोन गाड्यांत ६५ मिमीच्या वर अंतर मिळतं, डबल ४८चा. चकतीखाली फेल्ट चिकटवा, नाहीतर जड असूनही घसरेल. शिसव २०१७ पासून साइटिसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे. थोड्या वस्तूंना सूट असली तरी विमानतळावर वाद कशाला?

कोकणकन्या: 'माझी गाडी उघडी' (म्हणजे तिच्यावर इतरांनीही लावावं) म्हणून ठेवायला नाणी वापरता का? सावंतवाडीच्या चितारआळीत विचारा, छोटी रंगीत इंजिनं करून देतील. आठ रंग, भांडण नाही. तशीही तिकडची खेळणी घेतल्याशिवाय कोकणातून कोण परततं!

धागाकर्ती: आभार! नाणीच वापरतो, आणि ती दर वेळी कुणाच्या तरी खिशात जातात. इंजिनं नक्की. जुनं सागवान आणि प्लायची चकती ठरलं. आता अडलंय ते सुतारावर. दोघांना फोन केला, एवढंसं काम दोघांनाही नकोय. 'किचन ट्रॉली असेल तर सांगा' म्हणाले. कोथरूड-वारज्याकडे लहान कामं घेणारा, राउटर (लाकडात खोबण पाडायचं यंत्र) असलेला कुणी माहीत आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.