टाइम आउट : जॅझ की नुसतं मात्रा मोजणं?

खर्ज :
पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या चौघांच्या जॅझ बँडचा, म्हणजे डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटचा, टाइम आउट (१९५९) हा अल्बम काल परत सलग ऐकला. मला अजूनही वाटतं की हा अल्बम उगाच डोक्यावर घेतलाय. त्यातलं ‘ब्लू रोन्डो आ ला टर्क’ घ्या, २-२-२-३ असा नऊ मात्रांचा मुखडा दणक्यात सुरू होतो आणि पॉल डेस्मंडचा सॅक्सोफोन सोलो आला की लगेच साध्या चार मात्रांचा ब्लूज, म्हणजे नऊमध्ये खेळून दाखवायची वेळ आली तिथेच माघार! त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या त्याच ३०व्या स्ट्रीटवरच्या स्टुडिओत माइल्स डेव्हिसनं काइंड ऑफ ब्लू हा अल्बम केला, त्यात मोजायला काही नाही तरी तो अंगात भिनतो.

लेहरा :
माघार कसली ओ? चारवर यायच्या आधी दोन बार (म्हणजे आवर्तनं) नऊचे, दोन बार चारचे असं आलटून पालटून वाजवलंय, नीट ऐका, तिथेच तर खरी मजा आहे.
आणि याच अल्बममधल्या टेक फाइव्हचं काय? मी तबला शिकलोय म्हणून सांगतो, जो मोरेलोचा ड्रम सोलो चालू असताना ब्रुबेक पियानोवर तेच पाच मात्रांचं आवर्तन वाजवत राहतो, आपल्याकडे तबला सोलोला पेटीवाला लेहरा धरतो ना, अगदी तसंच. विभागणी फक्त ३-२, झपतालाच्या (२-३-२-३) अर्ध्याच्या बरोबर उलटी. मोरेलो तिथे भरगच्च वाजवतच नाही, एक ठोका टाकतो आणि जागा मोकळी सोडतो, त्या रिकाम्या जागेत आपण पुढच्या समेची वाट बघत बसतो. हे नुसतं मोजून होत नाही.

खर्ज :
मोरेलोचं एकदम मान्य. पण ब्रुबेकचा हात जड आहे, आणि स्टुडिओतल्या टेक फाइव्हमध्ये तो सोलो घेतच नाही. तेव्हाही बरेच लोक म्हणायचे की हे कॉलेजातल्या गोऱ्या पोरांचं जॅझ आहे, मला ते फार चुकीचं वाटत नाही.

माळरान :
हे मात्र पटलं नाही. बासवर युजीन राइट होता, कृष्णवर्णीय. त्याला वगळा म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेतली कॉलेजं अडून बसली तेव्हा ब्रुबेकनं १९६० मध्ये तिथले ढीगभर कार्यक्रम सोडून दिले, पैशाचं नुकसान सोसलं. आणि ते नऊ मात्रांचं खूळ घरी बसून काढलेलं नाही, १९५८ मध्ये अमेरिकन सरकारच्या दौऱ्यावर असताना इस्तंबूलच्या रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून त्यानं ते ऐकलं, त्याच दौऱ्यात तो भारतातही आला होता. कंपनीतले लोक तर अल्बम काढायलाच नाखूश होते, सगळ्या रचना स्वतःच्या आणि कव्हरवर चक्क पेंटिंग!

लेहरा :
आणि सोलो न घेणं हा दोष कसा काय? डेस्मंडनं टेक फाइव्ह मोरेलोच्या सोलोसाठीच लिहिलं होतं. बँडचा मालक असून पाच मिनिटं मुकाट्यानं लेहरा धरून बसायला मोठं मन लागतं.

खर्ज :
राइटचं वाचून गोऱ्या पोरांवालं वाक्य मागे घेतो. बाकी मत तेच. मला यातलं सगळ्यात आवडतं ते स्ट्रेंज मेडो लार्क, सुरुवातीची दोनेक मिनिटं ब्रुबेक एकटा, ठेका नाही, आलापीसारखा मोकळा पियानो, आणि तिथे मात्र हात अजिबात जड वाटत नाही.

लेहरा :
मग त्याच्यानंतर एक गाणं सोडून थ्री टू गेट रेडी आहे ते लावा. दोन बार तीनचे, दोन बार चारचे. चारच्या बारमध्ये मोरेलो काय काय भरतो ते ऐका आणि रात्री इथे येऊन सांगा.