कोबी मेनूत आहे, ताटात नाही: मेनूनं युनायटेड सोडावं का?

सहा_नंबर (१७ डिसेंबर २०२५)

सोमवारी ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या घरच्या मैदानावर, बोर्नमथविरुद्ध ४-४ झालं. मॅचमध्ये आठ गोल, पण दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरला तो स्टँडमधल्या एका टी-शर्टचा फोटो. युनायटेडच्या मधल्या फळीतल्या कोबी मेनूचा सावत्र भाऊ 'कोबी मेनूला मोकळं करा' अशा अर्थाचा टी-शर्ट घालून आला होता. घरातल्या माणसानं असं करावं का हा वेगळा विषय. मुद्दा मात्र खोटा नाही.

जे फक्त वर्ल्डकपलाच फुटबॉल बघतात त्यांच्यासाठी थोडक्यात. पोरगा स्टॉकपोर्टचा, जन्म एप्रिल २००५चा. सहाव्या वर्षापासून युनायटेडच्या अकादमीत. फेब्रुवारी २०२४मध्ये वुल्व्हजविरुद्ध ९७व्या मिनिटाला एकट्यानं वाट काढत गोल, ४-३. मे महिन्यात एफए कप फायनलला मँचेस्टर सिटीविरुद्ध गोल. जुलैत युरोची फायनल, इंग्लंडच्या पहिल्या अकरात, डेक्लन राइसच्या शेजारी. तेव्हा वय १९.

आज वय २०. या मोसमात लीगमध्ये एकदाही सुरुवातीच्या अकरात नाही. पहिल्यापासून खेळला तो ऑगस्टमध्ये ग्रिम्सबीला. चौथ्या श्रेणीतला संघ तो, आणि तिथे आपण पेनल्टींवर ११-१२ हरलो. त्याच आठवड्यात त्यानं लोनवर (काही काळ दुसऱ्या क्लबकडे खेळायला) जाऊ द्या म्हणून विनंती केली, क्लबनं नाही म्हटलं. खेळवत नाहीत आणि सोडतही नाहीत. टुखेल इंग्लंडचा प्रशिक्षक झाल्यापासून त्याला एकदाही घेतलेलं नाही, आणि वर्ल्डकप जूनमध्ये आहे.

माझं मत: जानेवारीत निघावं. बोला.

पेठेतला_गोली

जायाचं नाही. का जावं गा त्यानं? घर त्याचं हाय. १९३७च्या ऑक्टोबरपासनं युनायटेडची एक मॅच अशी झालेली नाही की ज्यात संघात अकादमीचं एकबी पोरगं नव्हतं. हे असलं ज्या क्लबात चालतं तिथलं पोरगं दुसरीकडं जाऊन काय मिळवणार?

आमच्याकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर हेच बघतोय मी लहानपणापासनं. मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर बाहेरचा खेळाडू येतो आणि तालमीत वाढलेलं पोरगं बाकावर बसतं. पर मॅच अडकली की स्टेडियम नाव कुणाचं घेतं? पेठेतल्या पोराचंच. थांबावं त्यानं.

हिशेबनीस

गोलीसाहेब, भावना पोचल्या. आता वही उघडतो.

बाहेरून ५ कोटी पौंडांना खेळाडू आणला आणि करार पाच वर्षांचा केला, तर हिशेबात दरवर्षी १ कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी ४ कोटींना विकला तर नफा १ कोटीचा, कारण ३ कोटी वहीत अजून शिल्लक असतात. अकादमीच्या पोराची वहीतली किंमत शून्य. तो ४ कोटींना विकला की चारच्या चार कोटी नफा, तोही त्याच वर्षी. लीगच्या नफा-तोट्याच्या नियमांनी क्लबांना जेव्हापासून धारेवर धरलंय, तेव्हापासून घरचं पोरगं हीच सगळ्यात विकाऊ वस्तू झालीय. चेल्सीनं गॅलाघरला ॲटलेटिकोला दिलं, आपण मॅकटॉमिनेला नापोलीला दिलं, ते काय खेळ आवडत नव्हता म्हणून?

तेव्हा 'घर' वगैरे ठीक आहे. घरमालक भाव विचारतोय.

फातोर्डा

मॅकटॉमिनेचं नाव निघालंच आहे म्हणून. २०२४च्या ऑगस्टमध्ये अडीच कोटी पौंडांच्या आसपास गेला. पहिल्याच मोसमात नापोलीबरोबर इटलीची लीग जिंकला, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ओल्ड ट्रॅफर्डवर त्याला धड कुठे खेळवायचं हेच वर्षानुवर्षं ठरलं नव्हतं.

पण तो स्कॉटिश, वयानंही मोठा. मला कोबीसाठी अँजेल गोम्सचा दाखला जवळचा वाटतो. २०१७चा सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्डकप भारतात झाला तेव्हा इंग्लंडची क्वार्टर फायनल आमच्या मडगावात होती. मी फातोर्डाच्या स्टँडमध्ये होतो. अमेरिकेला ४-१ हरवलं, ब्रूस्टरची हॅटट्रिक. त्या संघात फोडेन, गॅलाघर, गेही, हडसन-ओडोय आणि युनायटेडचा हा गोम्स, सगळे होते. आम्ही बाहेर पडताना हे दहा वर्षांत इंग्लंडला कुठे नेतील याच्याच गप्पा.

गोम्स म्हणजे युनायटेडचं लाडकं बाळ. छोटा, चपळ, पायाला बॉल चिकटलेला. युनायटेडनं त्याला किती खेळवलं? जवळजवळ नाहीच. २०२०मध्ये करार संपला तसा उठला आणि फ्रान्सला लीलकडे गेला. त्यांनी आधी वर्षभर पोर्तुगालमध्ये बोआविश्ताला लोनवर पाठवलं. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२४मध्ये, इंग्लंडकडून खेळला. मँचेस्टरात बसला असता तर खेळला असता का?

पुणेरी_गनर

सगळे जण एक गृहीत धरून चाललेत की पोरगा फार थोर आहे आणि युनायटेडचा कोच अमोरिमला ते दिसत नाही. अमोरिमला दिसतंय तेच मला दिसतं.

त्याच्या ३-४-२-१ रचनेत (मागे तीन बचावपटू) मधल्या फळीत दोनच माणसं. दोघांनी मिळून अख्खं मैदान झाकायचं. कोबी बॉलवर सुंदर आहे, मान्य. पाठीवर माणूस असताना अर्धं वळण घेऊन सुटतो ते बघण्यासारखं असतं. पण बॉल गेल्यावर? मागे धावताना तो कायम दोन पावलं उशिरा असतो. आमच्या आर्सेनलच्या राइस किंवा झुबिमेंडीसमोर नव्वद मिनिटं उभा करा, फेस येईल. आणि त्याची स्पर्धा कप्तान ब्रुनोशी आहे असं अमोरिमनं पत्रकारांना उघड सांगितलंय. ब्रुनोला बसवून वीस वर्षांच्या पोराला खेळवणारा कोच मला दाखवा.

युरोची फायनल सगळे सांगतात. त्याच फायनलमध्ये ७०व्या मिनिटाला त्याला काढून पामरला आणलं आणि तीन मिनिटांत पामरनं गोल केला, हेही सांगा की.

सहा_नंबर

@पुणेरी_गनर, ब्रुनो मुळात दहा नंबरचा, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळणारा माणूस. त्याला मागे ओढून दोघांतला एक केला कोणी? अमोरिमनंच. आधी स्वतः कोंडी करायची आणि मग पोराला सांगायचं की बाबा, तुझी स्पर्धा कप्तानाशी. २०२५च्या फेब्रुवारीत पॅलेसविरुद्ध तर कोबीला चक्क सेंटर फॉरवर्ड म्हणून उभं केलं होतं. हरलो ०-२. ज्या कोचनं त्याला नऊ नंबरला लावलं त्याच्या नजरेचे दाखले तुम्ही देताय!

आणि ल्यों विसरलात? युरोपा लीगची क्वार्टर फायनल, एप्रिलमधली. जादा वेळेत २-४नं मागे. ब्रुनोची पेनल्टी, ३-४. १२०व्या मिनिटाला बॉक्समध्ये चेंगराचेंगरी, बॉल कोबीच्या पायात. बाकी कोणीही असता तर दिसेल तिकडे मारून मोकळा झाला असता. त्यानं थांबून, कोपरा बघून, शांतपणे वळवला. ४-४. पुढच्या मिनिटाला मग्वायरचा विजयी गोल. ही शांतता शिकवून येत नाही.

स्टॉकपोर्टकर

नऊ वर्षं इथे राहतो. चीडल आमच्यापासून दहा मिनिटांवर, जिथल्या पोरांच्या क्लबात तो आधी खेळायचा. रविवारी सकाळी त्या पट्ट्यात गेलात तर चिखलात लडबडलेली सहा-सात वर्षांची पोरं आणि कडेला थर्मास घेतलेले आईबाप. माझाही मुलगा त्यातलाच एक (अवांतर: तो गोली आहे, आणि त्याला बॉलची भीती वाटते).

मला दोन्ही बाजूंची घाई खटकते. वीस वर्षं वय आहे हो! २०२३-२४मध्ये नोव्हेंबरात एव्हर्टनला लीगमध्ये पहिल्यांदा पहिल्यापासून खेळला आणि आठ महिन्यांत युरोची फायनल. इतकं पटापट कोणाचं झालं तर पुढचं वर्ष पडतंच. दुखापती झाल्या, कोच बदलला. करार २०२७पर्यंत आहे. कोच या क्लबात किती टिकतात हे इथल्या कुणालाही विचारा, रिक्षावाल्यासारखं… म्हणजे टॅक्सीवाल्यासारखं तोंडपाठ सांगतील. थांबला तर कोच आधी जाईल.

फातोर्डा

आणि तो जाईपर्यंत वर्ल्डकप होऊन जाईल. मधल्या फळीचा खेळ सरावात शिकता येत नाही, स्टॉकपोर्टकर. मान वळवून मागचा माणूस कुठे आहे ते बघणं ही सवय असते, आणि सवय मॅचमध्येच टिकते.

पेठेतला_गोली (२२ डिसेंबर)

काल बघितलं का? ॲस्टन व्हिलाच्या मैदानावर ब्रुनो मध्यंतरालाच मांडी धरून बाहेर. जागा मोकळी झाली. आणि आमचं पोरगं कुठं? पोटरी दुखावली म्हणून संघातच नाही! नशीब म्हणायचं का काय म्हणायचं हे?

हिशेबनीस

ताट वाढलं तेव्हा जेवणारा उपाशी झोपला.

सहा_नंबर (६ जानेवारी २०२६)

काल अमोरिमला काढलं. स्टॉकपोर्टकर, तुमच्या तोंडात साखर.

पुणेरी_गनर

घाई नको. पुढचा येणाराही आकडेच बघेल.

पेठेतला_गोली (२६ जानेवारी)

धागा वर काढतोय, माफी असावी, पर राहवत नाही!! हंगामी कोच म्हणून कॅरिक आला. सिटीला २-० घालवलं. काल आर्सेनलच्या घरात जाऊन ३-२. दोन्हीकडं कोबी पहिल्या अकरात. @पुणेरी_गनर, राइससमोर फेस येणार हुता न्हवं? कुणाला आला?

पुणेरी_गनर

अभिनंदन. रात्री झोप लागली नाही हे कबूल करतो. पण नीट बघा काय बदललंय. कॅरिकनं चार बचावपटू ठेवले, ब्रुनोला पुढे दहा नंबरला नेलं आणि कोबीच्या शेजारी कॅसेमिरो आहे. बॉल गेल्यावरचं निम्मं काम तो म्हातारा करतोय. तोच कॅसेमिरो मोसम संपला की जाणार, हे क्लबनं गेल्याच आठवड्यात जाहीर केलं. माझा प्रश्न तोच आहे, फक्त जूनपर्यंत पुढे ढकललाय.

सहा_नंबर

ब्रुनोला पुढे नेलं की जागा होते हे मी १७ तारखेला लिहिलं होतं, वर जाऊन वाचा. पण जानेवारीत निघावं असंही मीच लिहिलं होतं, तेही वर आहेच. ते मागे घेतो.

फातोर्डा

मी नाही घेत. दोन मॅच, आणि हंगामी कोच. उन्हाळ्यात नवा कोणी तीन बचावपटू घेऊन आला तर हाच टी-शर्ट परत धुवून काढावा लागेल. आता भाव वाढलाय, करार वाढवायला क्लब मागे लागेल. सही करण्याआधी पुढचा कोच कोण हे त्यानं विचारावं, एवढंच.

हिशेबनीस

भाव वाढला हे खरं. वहीतली किंमत अजून शून्यच आहे. माझी झोप उडालीय ती त्यामुळे.

स्टॉकपोर्टकर

रविवारी फुलहॅमची मॅच, मुलाला घेऊन जातोय. तो आता म्हणतो गोली नाही व्हायचं, मधे खेळायचंय. मी म्हटलं, मधे तर सगळ्यात जास्त बॉल अंगावर येतो.