मदत हवी आहे: लेडी फॉकलंडच्या माहेरच्या गोतावळ्याबद्दल

मंडळी, लॉर्ड फॉकलंड १८४८ ते १८५३ मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या पत्नी अमेलिया यांच्यावर लेख लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय.

अमेलिया (जन्म १८०७) ही राजा चौथ्या विल्यमची मुलगी, पण राणीची नव्हे. आई डोरोथिया जॉर्डन, लंडनच्या रंगभूमीवरची गाजलेली नटी. विल्यम तेव्हा ड्यूक ऑफ क्लॅरेन्स होता; वीसएक वर्षं दोघांनी लग्नाविना संसार केला, दहा मुलं झाली. आडनाव फिट्झक्लॅरेन्स, म्हणजे क्लॅरेन्सची पोरं. १८११ मध्ये ड्यूकने हात झटकले आणि १८१६ मध्ये बाई फ्रान्समध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारल्या. अमेलिया तेव्हा जेमतेम नऊ वर्षांची! १८३० मध्ये बाप गादीवर आला आणि त्याच वर्षी हिचं लग्न झालं. मुलगा एकच.

आता प्रश्न. 'अनौरस' फार कोरडा वाटतो, 'दासीपुत्री' तर चूकच. पेशवाईतला 'नाटकशाळा' (म्हणजे ठेवलेली कलावंतीण) हा शब्द आईला लावावा का? ती खरोखरच नाटकातली, पण अर्थ भलताच होईल अशी धास्ती आहे.

दुसरं, तिचा भाऊ लॉर्ड फ्रेडरिक मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होता, १८५४ मध्ये पुरंदरावर वारला. त्याची बातमी तेव्हाच्या 'ज्ञानप्रकाश'मध्ये आली होती का? ते जुने अंक पुण्यात कुठे चाळायला मिळतील?