शब्दचर्चा: 'सोप ऑपेरा' – साबण कुठला आणि ऑपेरा कुठला?

अनुवादिका
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या १९३० ते १९६० या काळातल्या रेडिओबद्दलच्या लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात 'सोप ऑपेरा' हा शब्द दर दुसऱ्या परिच्छेदात येतो. संपादकांनी सगळीकडे 'मालिका' केलं. वाचताना वाक्य असं झालं: '१९६० साली रेडिओवरच्या मालिका बंद पडल्या.' पण त्या वर्षी बंद पडल्या त्या दुपारच्या, रोजच्या, न संपणाऱ्या गोष्टी. 'मालिका' म्हटलं की यातलं काहीच उरत नाही. आपल्याकडे मालिका क्रिकेटचीही असते आणि व्याख्यानांचीही.

तीन प्रश्न आहेत. मराठीत याला नेमका शब्द आहे का? नसेल तर 'सोप ऑपेरा' तसाच ठेवावा का? आणि ठेवला तर त्याचं लिंग काय, सामान्यरूप काय?

रेडिओप्रेमी
शब्द ठेवा. तो कुठून आला ते कळलं की तो बदलावासा वाटणार नाही.

सिनसिनाटी शहरातली प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबण आणि मेणबत्त्या करणारी कंपनी १८३७ पासूनची. १९३० नंतरच्या मंदीत बऱ्याच कंपन्यांनी जाहिरातींचा खर्च आखडता घेतला, या कंपनीने मात्र रेडिओवर पैसे ओतले. हिशेब सरळ होता. दिवसा घरी असते ती गृहिणी, कपडे धुते ती, दुकानात साबण निवडते तीही. तिला रोज १५ मिनिटं, ठरलेल्या वेळी, एक गोष्ट सांगायची आणि गोष्टीच्या आगेमागे साबणाचं नाव घ्यायचं.

१९३३ मध्ये 'मा पर्किन्स' सुरू झाली. आधी सिनसिनाटीच्याच स्टेशनवर, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून देशभर. एका छोट्या गावात लाकडाची वखार चालवणारी विधवा, तिची मुलं, गावकऱ्यांची दुःखं. प्रायोजक होती ऑक्सिडॉल ही कपडे धुवायची पूड. ती इतकी जोडली गेली की लोक 'ऑक्सिडॉलची मा पर्किन्स' असंच म्हणत. ही भूमिका व्हर्जिनिया पेन या अभिनेत्रीने सुरुवातीपासून शेवटपर्यंत केली. सुरुवात केली तेव्हा ती विशीतली होती, आवाज मात्र पिकलेल्या बाईचा! २७ वर्षांत ७,०६५ भाग झाले. तुमच्या लेखातलं ते १९६० म्हणजे २५ नोव्हेंबर १९६०, शुक्रवार. सीबीएस या प्रसारण नेटवर्कने रेडिओवरच्या उरलेल्या सगळ्या दैनंदिन गोष्टी त्या दिवशी एकदम संपवल्या, त्यात हीही होती.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. कार्यक्रम बहुतेकदा स्टेशनचा नसायचा, कंपनीचा असायचा. लेखक, नट, कथानक, सगळं कंपनी आणि तिची जाहिरातसंस्था ठरवणार, स्टेशनकडून फक्त वेळ विकत घेणार. म्हणून 'साबण' हा शब्द इथे उपमा म्हणून आलेला नाही. तो मालकाचा पत्ता आहे.

व्याकरणवाला
तिसऱ्या प्रश्नापुरतं बोलतो.

ऑपेरा पुल्लिंगी, म्हणून 'सोप ऑपेरा सुरू झाला'. नुसतं 'सोप' किंवा 'डेली सोप' म्हटलं की मात्र लोक स्त्रीलिंगी करतात: 'ती डेली सोप लागली का?' मनात 'मालिका' किंवा 'सिरीयल' असते, तिचं लिंग याला चिकटतं. दोन्ही बरोबर. आणि हे 'लागणं' फार चांगलं क्रियापद आहे, अनुवादात जिथे 'प्रसारित होणं' येईल तिथे ते वापरून पाहा.

सामान्यरूप: कॅमेरा – कॅमेऱ्यात, तसं ऑपेरा – ऑपेऱ्यात. 'ऑपेरात' छापलेलं दिसतं, पण बोलताना माणूस 'ऑपेऱ्यात'च म्हणतो. अपवाद 'ऑपेरा हाऊस'चा, कारण ते मुंबईतलं ठिकाण झालं आणि तिथे विभक्ती 'हाऊस'ला लागते.

नागपूरकर
असहमत. मराठी वाचकाला 'सोप ऑपेरा' म्हटलं की काय आठवतं? वर्तमानपत्रातले मथळे! 'पक्षफुटीचा सोप ऑपेरा', 'घटस्फोटाचा सोप ऑपेरा'. म्हणजे रडारड, कारस्थानं, ताणलेलं प्रकरण. हा अर्थ आता पक्का रुजला आहे. लेखात तटस्थपणे वापराल आणि वाचक तो हिणवणीच्या सुरात वाचेल. त्यापेक्षा 'दैनंदिन कौटुंबिक मालिका' म्हणा. लांब आहे, पण स्वच्छ आहे.

नाट्यवेडी
हिणवणी मथळेवाल्यांनी आणलेली नाही, ती जन्मापासूनच शब्दात आहे. म्हणून 'ऑपेरा' या अर्ध्या भागाबद्दल लिहिते.

या कार्यक्रमांत गाणं नव्हतं, होता तो एकटा ऑर्गन. प्रसंग बदलला की ऑर्गन, कुणाला धक्का बसला की ऑर्गन. मग ऑपेरा का? कारण त्याआधीच घोडदौडीच्या आणि गोळीबाराच्या काऊबॉयपटांना अमेरिकेत 'हॉर्स ऑपेरा' म्हणत. अभिजनांच्या कलेचं नाव घ्यायचं आणि त्याला घोडा जुंपायचा. १९३० च्या दशकाच्या शेवटी वर्तमानपत्रांनी त्याच साच्यात साबण घातला. १९४१ मध्ये विल्सन टकर या लेखकाने ठरावीक ठशाच्या अंतराळकथांना 'स्पेस ऑपेरा' म्हटलं, तो साचाही हाच. आपल्या कानाला हे 'साबणाचं संगीत नाटक' असं ऐकू यायला हवं, तेव्हा त्यातला डंख कळतो.

डंख मारणारे कोण, हे पाहण्यासारखं आहे. ऐकणाऱ्या बायका आपल्या कार्यक्रमाला 'माझी गोष्ट' म्हणत. 'सोप ऑपेरा' म्हणणारे बहुतेक ते, जे दुपारी घरी नसत.

अनुवादिका
हे फार उपयोगी आहे. एक शंका: पहिला सोप ऑपेरा कुठला मानायचा? मूळ लेखात 'मा पर्किन्स'च्या आधीचं नाव दिलं आहे, पण तिथे साबणाचा उल्लेखच नाही.

शिकागोनिवासी
बरोबर आहे, कारण तिथे साबण नव्हताच. शिकागोच्या डब्ल्यूजीएन स्टेशनवर २० ऑक्टोबर १९३० ला 'पेंटेड ड्रीम्स' सुरू झाली, तिला साधारणपणे पहिला मान देतात. तिचा प्रायोजक मिळाला तो मांसपदार्थ आणि सॉसेज विकणारा! 'जस्ट प्लेन बिल' ही १९३२ ची, तिच्यामागे कोलिनोस ही टूथपेस्ट होती. म्हणजे सॉसेज ऑपेरा किंवा दंतमंजन ऑपेरा व्हायला हरकत नव्हती. साबण जिंकला, कारण सगळ्यांत जास्त वेळ साबणवाल्यांनी विकत घेतला. १९४० च्या सुमाराला दिवसा अशा साठेक गोष्टी रोज चालत होत्या.

पण मला बोलायचं आहे ते 'पेंटेड ड्रीम्स' लिहिणाऱ्या बाईबद्दल. इर्ना फिलिप्स, जन्म १९०१, शिकागोची. ओहायोतल्या डेटन इथे शिक्षिका होती. ती गोष्ट लिहायची आणि त्यात कामही करायची. गोष्ट चालू लागल्यावर तिला ती मोठ्या नेटवर्कला द्यायची होती, स्टेशन म्हणालं, मालकी आमची. ती कोर्टात गेली आणि हरली. त्यानंतर मात्र हक्कांच्या बाबतीत ती सावध झाली. १९३२ मध्ये तिने जवळपास त्याच घाटाची नवी गोष्ट दुसऱ्या स्टेशनवर आणली. १९३७ मध्ये 'गायडिंग लाइट' काढली. नावातला दिवा म्हणजे एका धर्मोपदेशकाच्या अभ्यासिकेच्या खिडकीतला दिवा, आत मदत मिळेल अशी खूण. हा कार्यक्रम १९५२ मध्ये टीव्हीवर गेला आणि २००९ मध्ये थांबला. ७२ वर्षं एकच गोष्ट!

ती लिहायची म्हणजे बोलायची. खोलीत फिरत, एकेका पात्राचा आवाज काढत संवाद म्हणायची आणि लेखनिक टाइप करून घ्यायची. दिवसाला अनेक भागांचं काम असं उरकायची. या बाईचं नाव अमेरिकेतसुद्धा किती जणांना ठाऊक आहे? ज्या शब्दात पैसे देणाऱ्याचं नाव कायमचं कोरलं गेलं, त्यात लिहिणारीला जागा नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. अनुवादात 'सोप ऑपेरा' ठेवा, पण जिथे जमेल तिथे इर्नाचं नाव पूर्ण लिहा, 'एक लेखिका' असं नको.

नागपूरकर
हे मला माहीत नव्हतं. तरी मुद्दा उरतोच. शब्द हिणवणीचा असेल तर आपण तो का चालवायचा?

शिकागोनिवासी
कारण पुढे तोच त्या व्यवसायाचा शब्द झाला, नटही अभिमानाने वापरू लागले. आणि साबणाची मालकी कागदोपत्री खरी होती. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' हीसुद्धा इर्नाचीच, २ एप्रिल १९५६ पासून टीव्हीवर. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या मालकीच्या जुन्या गोष्टींपैकी ही शेवटची, ती बंद झाली सप्टेंबर २०१० मध्ये. तोपर्यंत 'सोप'चा शब्दशः अर्थ जिवंत होता.

याच कार्यक्रमाशी इतिहासातला एक दिवस जोडलेला आहे. २२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवार. ईस्टर्न वेळेनुसार दुपारी दीडला 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' लागली. तेव्हा ती थेट प्रक्षेपित होत असे. नॅन्सी ह्यूजचं काम करणारी हेलन वॅग्नर आणि आजोबांचं काम करणारा नट यांचा घरातला प्रसंग चालू होता. एक चाळीसच्या सुमाराला चित्र गेलं, सीबीएसच्या बातमीची पाटी आली आणि वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉंकाइटचा आवाज: डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या ताफ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. नुसता आवाज, चेहरा नाही. बातमीकक्षातला कॅमेरा तापायला वेळ लागत असे, तेवढं थांबायला सवड नव्हती. स्टुडिओतल्या नटांना यातलं काही कळलं नव्हतं, ते आपला प्रसंग पुढे करत राहिले. त्या दुपारी सीबीएस लावून बसलेल्या अमेरिकेला ही बातमी एका सोप ऑपेऱ्याच्या मधोमध कळली. तुमच्या लेखात हा प्रसंग असेल तर तिथे 'मालिका' लिहून चालणार नाही. घरातलं रोजचं, सावकाश चाललेलं बोलणं कशाने तुटलं, ते 'सोप ऑपेरा'मध्येच आहे.

(हेलन वॅग्नरने १९५६ च्या पहिल्या भागातलं पहिलं वाक्य म्हटलं होतं आणि २०१० मध्येही नॅन्सीचं काम तीच करत होती.)

पुणेकर_गृहिणी
१९९२ नंतर केबल आली आणि स्टार प्लसवर इंग्रजी कार्यक्रम लागायचे, तेव्हा आमच्या इमारतीतल्या दोन-तीन घरांत 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल' नेमाने बघायचे. इंग्रजी अर्धं कळायचं, नाती मात्र सगळी कळायची. त्यांच्यासाठी 'सोप' हा शब्द तिथून आला, मथळ्यांतून नाही. त्यात हिणवणं नव्हतं. 'माझं सोप आहे, नंतर येते' असं शेजारच्या काकू सरळ म्हणायच्या. नपुंसकलिंग, व्याकरणवाले, हेही टिपून ठेवा!

शिकागोनिवासी
ताई, त्या काकूंपर्यंत इर्नाच पोचली होती. 'बोल्ड अँड द ब्युटिफुल' निर्माण करणाऱ्या दोघांपैकी विल्यम बेल हा इर्नाच्या हाताखाली लिहायला शिकलेला. अ‍ॅग्नेस निक्सन ही दुसरी मोठी लेखिकाही तिच्याकडेच तयार झाली.

व्याकरणवाला
'माझं सोप' टिपून ठेवलं. 'माझी गोष्ट' म्हणणाऱ्या त्या बायकांशी जुळतं.

आता पहिल्या प्रश्नाकडे. इंग्रजीत सिरीज आणि सिरीयल यांत फरक करतात. सिरीजचा प्रत्येक भाग स्वतंत्र, सिरीयलची गोष्ट पुढे चालू. मराठीने दोन्हींना 'मालिका' म्हटलं आणि फरक पुसला. पण सिरीयलसाठी आपल्याकडे छापील जगातली सोय आहे, ती म्हणजे 'क्रमशः'. ह. ना. आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' साप्ताहिकात अशाच तुकड्यातुकड्यांनी आल्या. म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'सोप ऑपेरा, म्हणजे रेडिओवरची रोजची क्रमशः गोष्ट' असा खुलासा द्या आणि पुढे बिनधास्त 'सोप ऑपेरा' वापरा.

नाट्यवेडी
खुलाशात 'न संपणारी' हवंच. लॅटिन अमेरिकेतला टेलेनोव्हेला, म्हणजे टीव्हीवरची क्रमशः गोष्ट, ठरलेल्या भागांत संपतो. आपल्या 'हम लोग'ला नमुना मेक्सिकोतल्या मिगेल साबिदोच्या प्रबोधनपर टेलेनोव्हेलांचा होता, १९८४ मध्ये सुरू झाली आणि दीडेक वर्षात संपली. तिला सोप ऑपेरा म्हणणं सैल होईल. शेवट ठरलेला नसणं हीच सोप ऑपेऱ्याची ओळख. 'द रोमान्स ऑफ हेलन ट्रेंट' घ्या: पस्तिशी ओलांडलेल्या बाईला प्रेम मिळू शकतं का, हा प्रश्न १९३३ पासून १९६० पर्यंत रोज विचारला गेला.

नागपूरकर
खुलाशासकट असेल तर माझी हरकत मागे. मथळ्यातला अर्थ वेगळा धरावा लागेल एवढंच. राजकारणाच्या बातमीत 'सोप ऑपेरा' लिहिणाऱ्याने निदान 'न संपणारं' या अर्थाने लिहावं, 'बायकी' या अर्थाने नको.

अनुवादिका
सगळ्यांचे आभार. संपादकांना असं पाठवते आहे: 'सोप ऑपेरा, म्हणजे साबण कंपन्यांच्या पैशावर दुपारी रेडिओला लागणारी, शेवट न ठरलेली रोजची क्रमशः गोष्ट.' पुढे सगळीकडे 'सोप ऑपेरा', पुल्लिंगी, सामान्यरूप 'ऑपेऱ्या-'. श्रोत्या बायकांच्या तोंडी जिथे तो शब्द आला आहे, तिथे 'माझी गोष्ट'. आणि इर्ना फिलिप्सचं नाव मूळ लेखात एकदाच, तेही तळटीपेत आहे; ते मुख्य मजकुरात घेण्याची परवानगी लेखकाकडे मागितली आहे.