मदत हवी आहे: तळणीच्या उरलेल्या तेलाचं नेमकं काय करायचं?

नमस्कार मंडळी, तळून उरलेलं तेल परत परत तापवायचं नाही हे पक्कं आहे, ते काळपट चिकट होतं आणि त्यात नको ते घटक तयार होतात. प्रश्न पुढचा आहे. सिंकमधे ओतणं मला अजिबात पटत नाही, पाइपमधे ते थिजतं, त्याला बाकीचा कचरा चिकटत जातो आणि गटारं तुंबतात, गरम पाणी सोडूनही उपयोग नाही कारण पुढे जाऊन गार झालं की परत तेच. झाडांना घातलं तर मातीत हवा-पाणी जात नाही. म्हणून सध्या गार झाल्यावर गाळून झाकणाच्या बाटलीत साठवतेय.

यापासून बायोडिझेल बनतं ना, मिथेनॉलची प्रक्रिया करून, सोबत ग्लिसरीन पण निघतं, मग हा कचरा नाहीच खरं तर! पण घरगुती थोडंसं तेल घेणारे लोक शोधायचे कसे? वेगवेगळी तेलं एकत्र साठवली तर चालतात का? आणि कॉस्टिक सोडा घालून साबण कुणी केलाय का, घरात लहान मुलं असताना ते सेफ आहे का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.